छायाचित्रणातील प्रतिबिंबे

पाणी, काच किंवा धातू यांच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश परावर्तित होऊन छायाचित्रात प्रतिबिंब उमटते. ते कधी छायाचित्राचा विषय ठरते, तर कधी विषय झाकणारी चकाकी.

उपयोग
सातारा जिल्ह्यातील वाई व मेणवलीचे घाट किंवा सांगलीचा आयर्विन पूल (१९२९) यांची कृष्णेतील प्रतिबिंबे टिपण्यास वारा पडलेली पहाट सोयीची असते. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसते. वस्तू पाण्यापासून जितकी वर, तितकेच ते खाली भासते. त्यामुळे कॅमेऱ्याचा फोकस पृष्ठभागावर न साधता प्रतिबिंबावर साधावा लागतो. प्रतिबिंब मूळ दृश्याहून मंद असल्याने केवळ आकाशावरून प्रकाशमापन केल्यास ते काळवंडते.

नियंत्रण
पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश अंशतः ध्रुवित असतो. पृष्ठभागाशी सुमारे ३७° कोन असताना तो जवळजवळ पूर्ण ध्रुवित होतो. पोलरायझर फिल्टर फिरवून तो अडवता येतो. कास पठारावरील कुमुदिनी तलावात अशा रीतीने तरंगत्या पानांवरची चकाकी कमी करता येते. मात्र प्रतिबिंब पूर्ण काढल्यास पाण्यात उतरलेले आकाशही नाहीसे होते. म्हणून फिल्टर किती फिरवायचा, हे छायाचित्राच्या हेतूवरून ठरते. धातूच्या उघड्या पृष्ठभागावरील चकाकीवर या फिल्टरचा फारसा परिणाम होत नाही; तेथे दिव्याची किंवा कॅमेऱ्याची जागा बदलावी लागते.