शून्य दर म्हणजे करमुक्ती नव्हे (लेखांक ६)

तेंदूपत्त्याचा व्यवहार गडचिरोलीत सर्वांच्या परिचयाचा. शेतकऱ्याने ही पानं नोंदणीकृत व्यापाऱ्याला विकली, तर जीएसटी शेतकरी भरत नाही. उलट आकारणीच्या नियमाने तो व्यापारी भरतो. कर मालावर बसतो, पण कोणाच्या हातून तो सरकारजमा व्हावा हे कायदा वेगळं ठरवतो. एवढं ध्यानात धरलं की परदेशी गिऱ्हाइकाला विकलेल्या डिजिटल मालाचा गुंता सुटू लागतो. समजा, ताडोबातल्या वाघांची छायाचित्रं किंवा झाडीपट्टीतल्या नाटकाचं चित्रीकरण कोणी स्वतःच्या संकेतस्थळावरून जर्मनीत विकलं. पैसे भरताच फाइल आपोआप उतरते. भारताच्या लेखी ही सेवेची निर्यात. पैसे परकीय चलनात आले आणि बाकीच्या अटी पाळल्या, तर २०१७ च्या एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम १६ नुसार तिला शून्य दर. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली तर सेवा देणाऱ्याला सहसा नोंदणीही लागत नाही. इथे हिशेबाची वही मिटली जाते, आणि चूक इथेच होते.

भारत शून्य दर लावतो, कारण उपभोग इथे होत नाही. तो जिथे होतो तिथला कर उरतोच. युरोपीय संघात १ जानेवारी २०१५ पासून अशा विक्रीवर गिऱ्हाइकाच्या देशाचा दर लागतो. जर्मनीत तो १९ टक्के. खरेदीदार नोंदणीकृत व्यावसायिक असेल, तर तेंदूपत्त्यासारखाच तो स्वतः कर भरतो. घरगुती गिऱ्हाइक मात्र भरू शकत नाही, म्हणून वसुली विक्रेत्यावर येते. त्यातही संघातल्या लहान विक्रेत्याला १०,००० युरोंपर्यंत आपल्याच देशाचा कर लावण्याची मुभा आहे. चंद्रपूरच्या विक्रेत्यावर जबाबदारी पहिल्या युरोपासून. आपली २० लाखांची मर्यादा तिथे चालत नाही.

परक्या सरकारने आपल्याकडून वसुली का करून घ्यावी, असा आक्षेप येतो. पण आपणही तेच करतो. परदेशी कंपनी भारतातल्या घरगुती ग्राहकाला चित्रपट किंवा सॉफ्टवेअर विकते, तेव्हा तिला उलाढालीची कोणतीही सूट न देता नोंदणी करून जीएसटी भरावा लागतो. तत्त्व न्याय्य आहे. त्याशिवाय देशी दुकानदार करासह आणि परदेशी दुकानदार कराविना विकेल. दुसरा आक्षेप मला अधिक पटतो: वर्षाला दहा फाइली विकणाऱ्याने परदेशी विवरणपत्रं भरावीत, हे ओझं अवाजवी आहे. संघाबाहेरच्या विक्रेत्याला एकाच सदस्य देशात नोंदणी करून सत्तावीसही देशांचा कर तिमाही विवरणपत्रातून भरता येतो, तरी लहान विक्रेत्यासाठी हे जडच. म्हणून बाहेरच्या लहान विक्रेत्यालाही उंबरठा हवा, असं माझं ठाम मत आहे. तो मिळेपर्यंत विक्री मोठ्या मंचावरून करणं शहाणपणाचं, कारण युरोपीय नियम अशा मंचालाच सहसा विक्रेता मानतात आणि कर तोच भरतो. त्याबदल्यात कमिशन द्यावं लागतं, हे खरं. पण स्वतःच्या संकेतस्थळावर १०० युरो अशी करासह किंमत लावली, तर त्यातले १५ युरो ९७ सेंट जर्मनीचे आहेत आणि हाती ८४ युरो ३ सेंटच उरतात. कमिशनची तुलना करायची ती या ८४ युरोंशी.