९९९९ खेळांचे गणित

गेल्या दिवाळीत धाकट्यासाठी स्टेशनबाहेरून हातातला व्हिडिओ गेम घेतला. खोक्यावर ठळक छापले होते, ‘९९९९ इन १’. पोरगा हरखला. चौथ्याच दिवशी म्हणाला, “पप्पा, यात खेळ आठच आहेत!”

मी कारकून माणूस, हिशोब मांडला. विटा रचणे, साप, मोटारगाडी, रणगाडा हेच फिरून फिरून येतात. एका खेळाचे १० वेग आणि १० पातळ्या मोजल्या, की कागदावर १०० खेळ झाले! आकडा फुगतो तो असा. आठवड्यात डावे बटण रुतले. विक्रेता म्हणाला, “गॅरंटी नाही.” पावती मी मागितलीच नव्हती, ती चूक माझी.

विटांचा मूळ खेळ टेट्रिस. अलेक्सी पाजितनोव यांनी तो १९८४ साली मॉस्कोत तयार केला. तो आजही माणसाला खिळवतो. चांगला असेल तर एकच खेळ पुरतो.

पालकांनो, खेळणे घेताना सेल घालून चालवून पाहा, प्रत्येक बटण दाबा, पावती घ्या. फसवणूक झालीच तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर फोनही करता येतो. रक्कम लहान म्हणून गप्प बसू नका. पैसा घामाचा आहे.