तीस मायक्रॉन

सकाळी ७.१५. बेंगळुरूतलं यशवंतपूर. शटर अर्धं वर. दगडाच्या पातळ स्लाइड बनवणारे काका मूळचे बेळगावचे. आल्या आल्या पिंपाचं झाकण उघडून पाणी बघतात; टँकर चुकला की कटर बंद. आजचा माल मदुराईकडच्या पळणी डोंगरातला. पिशव्यांवर मार्करने नंबर.

८.००. हिऱ्याची कड असलेली चकती फिरते. पाण्याची धार, राखाडी चिखल, बोटं गारठलेली. दगडातून काडेपेटीहून लहान चिप निघते. गार्नेटवाला दगड चकती खातो आणि चकती महाग. काकांना पगार नाही; स्लाइडमागे ८० रुपये. तडकली तर तेही गेले.

१०.३०. एक बाजू गुळगुळीत झालेली चिप अ‍ॅराल्डाइटने काचेवर. बुडबुडा राहिला तर मेहनत पाण्यात. ती हॉट प्लेटवर वाळतेय तोवर कॉफी, १५ रुपये.

१२.००. खरं काम आता. जाड काचेवर कार्बोरंडमची पूड, वर पाणी, इंग्रजी आठच्या आकड्यात फिरणारा हात. आधी २२० नंबर, मग ४००, मग ६००, शेवटी १०००. जाडी ०.०३ मिलिमीटर हवी. काका ती रंगावरून ओळखतात. एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन पोलरायझरमध्ये क्वार्ट्झ पिवळं दिसलं तर अजून घासायचं. राखाडी-पांढरं झालं की हात आवरायचा. चार फेरे जास्त झाले तर काचेवर दगडच उरत नाही.

दुपारी ३.४०. पीएचडी करणारी सातारची मुलगी येते.

"काका, निळा कण वाचला?"

"वाचला की. तूच बघ."

सूक्ष्मदर्शकाखाली सफिरीन या खनिजाचा निळसर कण, शेजारी क्वार्ट्झ. एका कडेला दोघांमध्ये कॉर्डिएराइटची बारीक किनार, नंतर तयार झालेली. पलीकडे किनारच नाही. दोघं थेट भिडलेत. ही जोडी जमायला साधारण १००० अंश सेल्सियस लागतात. बेंगळुरूजवळच्या कब्बालदुर्गच्या खाणीत फिकट नाइस खडकात चार्नोकाइटचे हिरवट काळे डाग आहेत; तेही तापातच घडले, पण तो ताप बराच कमी होता. पळणी डोंगरात ५५ कोटी वर्षांपूर्वी एवढी उष्णता आली कुठून, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

मुलगी मात्र लगेच खूश होत नाही. सफिरीनमध्ये ऑक्सिडीकरण झालेलं लोह जास्त असेल तर तीच जोडी कमी तापातही टिकते.

"लोह किती ते बघायला प्रोबला लावायला हवं. याच दगडाच्या आणखी दोन द्याल? वर काच नको, पॉलिश करून."

"पॉलिशचे पैसे वेगळे."

"किती?"

"दीडशे. आणि सोमवारी. उद्या पाणी नाही."