सायकलस्वारांचे उन्हाळी वाचन

वैशाख लागला की आमच्या भोपाळमध्ये दिवसाचे दोन भाग पडतात. पहाटेचे दोन-अडीच तास माणसांचे आणि उरलेला सारा दिवस उन्हाचा. कोटरा सुल्तानाबादमध्ये राहणारी आम्ही काही मराठी कुटुंबे सायकलची हौस बाळगून आहोत. उन्हाळ्यात साडेपाचच्या सुमारास आम्ही बाहेर पडतो, नेहरू नगरवरून भदभद्याकडे वळतो, अंगात उत्साह असला तर केरवा धरणाच्या रस्त्याला लागतो आणि लू सुटण्यापूर्वी, साडेआठच्या आत, घर गाठतो. त्यानंतर उरते ती लांबलचक दुपार. खिडक्यांचे पडदे ओढलेले, कूलरची घरघर चाललेली आणि हाताला काम नाही. या दुपारसाठी आमच्यात एक प्रघात पडला आहे, त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

एप्रिलच्या अखेरच्या रविवारी आम्ही भदभद्याजवळ थांबतो. १९६५ साली बांधलेल्या या धरणाची दारे त्या दिवसांत कोरडी असतात आणि मोठ्या तलावाचे पाणी बरेच मागे सरलेले असते. तेथे बसून प्रत्येक घराने उन्हाळ्यासाठी एक पुस्तक सुचवायचे. नियम दोनच. आपण शेवटपर्यंत वाचलेले पुस्तकच सुचवायचे, आणि नुसते नाव सांगून भागवायचे नाही, पुस्तक बरोबर आणायचे. ज्याला हवे त्याने ते न्यावे व पहिल्या पावसापूर्वी परत करावे. पुस्तक कॅरिअरला लावू नये, हा अनुभवाने आलेला उपनियम होय. कॅरिअरच्या स्प्रिंगने एका जुन्या प्रतीची पुठ्ठाबांधणी दुमडली, तेव्हापासून पुस्तके पाठीवरच्या पिशवीतून प्रवास करतात.

सायकलस्वारांची मंडळी म्हटल्यावर सायकलप्रवासाची पुस्तके आधी पुढे येणारच. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगाची फेरी करण्यास निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती पुरी केली व १९२८ साली ते परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटरची ही वाटचाल त्यांनी १९३१ साली इंग्रजी पुस्तकात सांगितली. त्याच्याही आधी टॉमस स्टीव्हन्स नावाच्या गृहस्थाने १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून, पुढचे चाक प्रचंड व मागचे इवलेसे अशा त्या काळच्या सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा आरंभिली होती. १८८६ साली तो लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आपल्या ग्रँड ट्रंक रोडने गेला. त्याच्या प्रवासाचे दोन जाड खंड आहेत. दुपारी पंख्याखाली पडून हे वाचताना आपली केरव्यापर्यंतची फेरी फारच किरकोळ वाटू लागते, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी पाय जरा जोराने चालतात, हेही खरे.

मराठी माणसाच्या बाबतीत सायकल आणि वाचन यांचा एक जुना ऋणानुबंधही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी आपले बंधू रामुअण्णा यांच्यासह १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्या दुकानातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे आली, लोखंडी नांगर आला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्याच वाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. शंकरराव किर्लोस्करांनी ते वाढविले, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ सुरू केले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना या अंकांनी दीर्घकाळ आपल्या भाषेशी जोडून ठेविले. मागे वळून पाहिले, तर त्याची सुरुवात बेळगावच्या एका सायकलच्या दुकानात सापडते. शंकररावांचे ‘शंवाकीय’ हे आत्मचरित्र आमच्यात तीन घरे फिरून आले आहे.

सायकलचे नावही नसलेली, परंतु सायकलस्वाराला मानवणारी पुस्तके आमच्या यादीत अधिक आहेत. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ त्यांत पहिले. बारा महिन्यांवरचे हे लेख सलग न वाचता त्या त्या महिन्यात वाचावेत, असे आमच्यातील एका वहिनींचे सांगणे. सकाळी रस्त्याकडेला बहावा फुललेला पाहावा आणि दुपारी वैशाखावरचा लेख उघडावा. मोटारीतून जाणाऱ्याला झाड ओळखण्याइतका अवधी मिळत नाही. सायकलस्वाराला तो मिळतो, आणि हे पुस्तक अशाच सावकाश पाहणाऱ्यासाठी आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्लींचे ‘रानवाटा’ याच जातीचे. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आम्हांला विशेष जवळची, कारण तिच्यातील नर्मदा आमच्यापासून जेमतेम सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, पूर्वीच्या होशंगाबादला, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला वाहते. नदी उजव्या हाताला ठेवून, ती न ओलांडता पायी चालणाऱ्या परिक्रमावासीयांची ती गाथा वाचून आमच्यातील दोघे एका पहाटे सायकलने थेट घाटावर जाऊन आले.

आतापर्यंत सांगितलेले सारे गोड आहे. परंतु दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली व तिने आम्ही अस्वस्थ झालो. मुले दर उन्हाळ्यात भदभद्यावरून पुस्तके उत्साहाने नेत आणि वेळेवर परतही करीत. पुस्तके नीट ठेवताना दिसले की खुणेचा कागद दर वेळी पहिल्या वीस पानांतच आहे. एका पुस्तकात तर सलग दोन वर्षे एकच कागद एकाच पानावर होता. आमच्यातील एकाची नात तेव्हा नववीत होती. तिला विचारले, तेव्हा ती आडपडदा न ठेवता म्हणाली, “आजोबा, अक्षरं सगळी येतात मला. पण दर ओळीत दोन-तीन शब्द अडतात, आणि मग गोष्टच पंक्चर होते.”

मंडळी हसली, पण ते हसू फार टिकले नाही. हिंदी प्रदेशात वाढणाऱ्या मराठी मुलाची अडचण वरून दिसत नाही. लिपी एकच असल्याने आपण समजतो की त्याला मराठी वाचता येते. प्रत्यक्षात शब्दच त्याला चकवतात. चौकात ‘यातायात’ या शब्दाची पाटी तो रोज पाहतो. तिचा अर्थ वाहतूक. मराठी पुस्तकात तोच शब्द दगदगीसाठी येतो. शाळेत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आजीच्या तोंडी ‘शिक्षा’ म्हणजे दंड. हिंदीतली ‘चेष्टा’ प्रयत्नाची, आपली थट्टेची. एकाच मराठी घरातून गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कादंबरीकार झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. तो अभिमान रास्त आहे, कारण त्या घरात दोन्ही भाषा जाग्या होत्या. आमच्या घरांत एक जागी आणि दुसरी पेंगुळलेली, अशी अवस्था आली होती. आणि आम्ही मात्र दरसाल स्वतःलाच आवडलेल्या पुस्तकांची यादी वाढवीत होतो.

त्या वर्षी आम्ही दोन बदल केले. पहिला असा की रविवारच्या थांब्यावर कोणीतरी पाच-सहा पाने मोठ्याने वाचायची. सुरुवात चिं. वि. जोशींच्या चिमणरावाने केली. चिं. वि. हे बडोद्याला पालीचे अध्यापन करीत, म्हणजे तेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर राहणारे. विनोद ऐकताना अडलेला शब्द मुले आपण होऊन विचारतात, कारण इतर हसत असताना आपण मागे राहिलेले कोणालाच आवडत नाही. शब्द विचारला की लगेच सांगायचा. ‘एवढेही येत नाही का?’ असे कोणी म्हणायचे नाही. हा संयम मुलांपेक्षा आम्हां वडीलधाऱ्यांनाच अधिक जड गेला.

दुसरा बदल वादाचा होता. मुलांनी पुस्तक कोणत्याही भाषेतील सुचवावे, मात्र त्याविषयी मराठीत बोलावे, असे ठरले. ‘मग मराठी पुस्तके उरतील का?’ असा आक्षेप काही ज्येष्ठांनी घेतला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच मुलीने डर्व्हला मर्फी या आयरिश लेखिकेचे १९६५ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक आणले. दहाव्या वाढदिवसाला मर्फीबाईंना एक जुनी सायकल आणि एक जुने नकाशांचे पुस्तक भेट मिळाले, व त्यांनी तेव्हाच सायकलने भारतात जायचे ठरविले. १९६३ साली त्या कडाक्याच्या थंडीत निघाल्या आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून दिल्लीला पोहोचल्या. ही हकीकत ती मुलगी वीस मिनिटे मराठीत सांगत होती. चार-पाच ठिकाणी अडली, तेथे तिच्या आजोबांनी शब्द पुरविला. दोन ठिकाणी हिंदी शब्दच राहिला. आम्ही तो राहू दिला.

यावरून मोठे निष्कर्ष काढण्याचा आमचा विचार नाही. यादीतील निम्मी मराठी पुस्तके अजूनही मोठ्यांच्याच घरी फिरतात. परंतु त्या मुलीने गेल्या उन्हाळ्यात चिमणराव पुरा वाचला आणि परत करताना ‘ऋतुचक्र’ मागून नेले. खुणेचा कागद या वेळी ज्येष्ठापर्यंत पोहोचला होता.

इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा त्याहून दूर राहणाऱ्या आमच्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. सायकल नसली तरी चालेल, पायी फिरणारी चार घरे पुरेत. उन्हाळ्याच्या आरंभी प्रत्येकाने स्वतः वाचलेले एक पुस्तक हातात घेऊन यावे, आणि मुलांना यादी देण्यापूर्वी पाच पाने वाचून दाखवावीत.