बेकारीचा आकडा कोणाचा?

यवतमाळकडची एखादी मजूर बाई आठवड्यातून एकच दिवस कापूस वेचायला गेली, तर ती रोजगारात की बेकार? सरकारी पाहणीच्या आठवडी हिशेबात निदान एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारात धरतात. म्हणून आकड्याआधी व्याख्या वाचावी, असे मी सांगत असतो. व्याख्या उघड असली की आकड्याची पारख करता येते.

पण आकडाच अडकून पडला तर? २०१७-१८ च्या श्रमशक्ती पाहणीचा अहवाल राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केला. तो प्रसिद्ध होईना. जानेवारी २०१९ मध्ये पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या सदस्यांनी राजीनामे दिले; हे त्यामागचे एक कारण होते. बेकारी ६.१ टक्के, ही बातमी वृत्तपत्रात फुटली, तेव्हा तो निव्वळ मसुदा असल्याचे सरकारी बाजूने सांगण्यात आले. निवडणूक आटोपल्यावर, ३१ मे रोजी, तोच आकडा अधिकृत झाला.

हा आयोग २००६ मध्ये सरकारी ठरावाने आला, कायद्याने नव्हे. रंगराजन आयोगाने २००१ मध्येच कायद्याचा आधार सुचवला होता. माझ्या मते तो हवाच. शिवाय प्रसिद्धीची तारीख आधी जाहीर व्हावी आणि ती मंत्र्यालाही हलवता येऊ नये.

रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याची सुरुवात २००६ मध्ये ज्या जिल्ह्यांतून झाली, त्यांत यवतमाळ होता. कामाची गरज कुठे, हे खऱ्या मोजणीवरूनच कळते. तेव्हा आकडा चांगला की वाईट, हे नंतर पाहू. तो ठरल्या दिवशी आला का, हे आधी विचारू या.