मालाला एसी, माणसाला खिडकी

जानेवारी ते एप्रिल या हंगामात पिंपळगाव बसवंत, ओझर, दिंडोरी या पट्ट्यातून द्राक्षांचे रिफर कंटेनर न्हावा शेवा बंदराकडे निघतात. आत द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास, आणि पुढच्या केबिनमध्ये घामाने निथळणारा चालक, अशीच ही वाहतूक वर्षानुवर्षं चालली. 2023 मध्ये केंद्राने अधिसूचना काढली आणि 2025 पासून साडेतीन टनांहून जड नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. जुन्या गाड्या त्यातून सुटल्या. त्यांचे मालक बाहेरून एसी बसवून घ्यायचा विचार करतात, तेव्हा पहिला प्रश्न असतो: जाळीतून हवा किती अंशांवर यायला हवी?

साधारण 5 ते 10 अंश. त्याहून खाली जाण्याचा हट्ट फुकट आहे. केबिनमधली हवा ज्या कूलिंग कॉइलवरून जाते, ती शून्याखाली गेली की हवेतली वाफ पातळ पत्र्यांच्या फटींत बर्फ होऊन बसते आणि हवेची वाटच बंद होते. म्हणून कॉइल गोठायच्या बेताला आली की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो. मग रिफरला शून्य कसं जमतं? त्याच्या कॉइलवरही बर्फ धरतो. पण ठरावीक वेळाने हीटर लावून तो वितळवायची सोय तिथे असते. शिवाय भिंती जाड इन्सुलेशनच्या. केबिनला मात्र समोर भलीमोठी काच.

खरी गंमत कसारा घाटाखाली कळते. मे महिन्यात नाशिकला पारा चाळिशीला टेकला, तरी हवा कोरडी असते आणि एसी झकास चालतो. भिवंडीत पारा तेहतीसवर असूनही तोच एसी मंदावल्यासारखा वाटतो. कारण दमटपणा. दहा ग्रॅम वाफेचं पाणी करायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढ्यात एक किलो कोरडी हवा जवळपास 25 अंशांनी गार झाली असती! अशा वेळी जाळीत 12 अंश दिसले तरी लगेच गॅस भरायला धावू नये.

परतीच्या चढावर आणखी एक अडचण. वेग मंद, इंजिन तापलेलं, आणि कंडेन्सरला पुरेसा वारा नाही. साहजिकच जाळीतली हवा कोमट होत जाते.

त्यामुळे तपासणी उभ्या गाडीवर, पण नीट करावी. दारं-खिडक्या बंद, आतलीच हवा फिरवणारं बटण चालू, इंजिन 1500 फेऱ्यांवर, आणि दहा मिनिटांनी मधल्या जाळीत थर्मामीटर. बाहेरच्या हवेपेक्षा 15 ते 20 अंशांचा फरक आला तरी यंत्रणा बहुधा ठणठणीत असते. कोरड्या हवेत तो आणखी वाढतो.

जुन्या ट्रकचं दुखणं अनेकदा एसीबाहेरच असतं. पूर्वी नुसती चॅसी घेऊन बॉडी बिल्डरकडे लाकडी केबिन बांधून घेत. तिच्या सांध्यांतून वारा येतो, आणि कित्येक मॉडेलांत इंजिनाचा उंचवटा थेट चालकाच्या गुडघ्याशी. तिथे इन्सुलेशन आणि दारांना नवं रबर हा पहिला खर्च. ते न करता ‘थोडा जास्त गॅस’ मारला, तर कंडेन्सरमधला दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि जाळीतली हवा उलट गरम होते.