आपल्या लाईनचा उरलेला घाट

आखाडा बाळापूरला रेल्वे नाही. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं आमचं गाव एस.टी.च्या भरवशावर वाढलं. मला गाडीचं वेड लावलं ते बोल्ड्याच्या दोस्तानं. त्याचे वडील तिथल्या पूर्णा-अकोला रेल्वे लाईनवर गँगमन. तो शाळेसाठी बाळापुरात मामाकडे राहायचा आणि दिवाळीच्या सुट्टीत मला बोल्ड्याला घेऊन जायचा. रात्री जयपूरकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस न थांबता निघून जायची आणि क्वार्टरमधली भांडी वाजायची.

पुढं तोही रेल्वेत लागला, बदली होत होत महूला स्थिरावला. या श्रावणात त्याचा फोन आला, "लेका, आपली लाईन इथं अजून जिती आहे. सगळ्यांना घेऊन ये."

आपली लाईन म्हणजे मीटरगेज. दोन रुळांतलं अंतर बरोबर एक मीटर; आजच्या मोठ्या लाईनीत ते १६७६ मिलिमीटर असतं. निजामाच्या काळात, १९१२ साली पूर्णेहून गाडी हिंगोलीला आली आणि तिथंच अडली. स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या सुमारास रूळ अकोल्यामार्गे खंडव्याला भिडले. खंडवा-इंदूर रेल्वे तर कधीच तयार होती. तिच्यासाठी तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना १ कोटी रुपये साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांच्या मुदतीनं दिले होते. निजामाचे रूळ आणि होळकरांचे रूळ असे जोडले गेले, म्हणून बोल्ड्याच्या पोराला जयपूरची गाडी दिसली.

२००८ मध्ये पूर्णा-अकोला मोठी लाईन झाली. ती हवीच होती. पण जुन्या रुळांचा एक तुकडाही आपण आठवणीला ठेवला नाही, हे मला आजही खुपतं.

मध्य प्रदेशात मात्र महूजवळचा पाताळपाणी ते कालाकुंड हा जेमतेम दहा किलोमीटरचा घाट राखला गेला. २५ डिसेंबर २०१८ पासून तिथं हेरिटेज ट्रेन धावते. पाताळपाणीला दोस्त फलाटावर उभा होता. माझ्या बायकोनं "भाऊजी, किती वाळलात!" म्हणत दशम्यांचं गाठोडं त्याच्या हाती दिलं. नातू मोठ्या काचांच्या डब्याकडे पळाला, तर दोस्त रुळापाशी वाकून बसला. चावीवाला रोज हातोडा घेऊन कित्येक मैल चालतो, ठोकलेल्या चावीच्या आवाजावरून ती ढिली की घट्ट हे ओळखतो, असं तो नातवाला जवळ बोलावून समजावून सांगत होता. चाळीस वर्षांच्या दोस्तीत त्यानं आपलं काम मला असं कधी सांगितलं नव्हतं.

घाट सुरू होण्याआधी गाडी तंट्यामामांच्या मंदिरापाशी थांबते. तंट्या भिल्लांना इंग्रजांनी ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी दिली आणि देह इथं आणून टाकला, असं इथले लोक सांगतात. पुढं तीव्र उतार, म्हणून ब्रेकही इथंच तपासतात. दोस्तानं हात जोडले. "ब्रेकसाठी थांबो की मामासाठी, थांबायचं हे खरं," तो म्हणाला.

उतार चाळीसास एक. चाळीस फूट पुढं गेलं की एक फूट खाली. वर चढणाऱ्या जुन्या गाड्यांना मागून दुसरं इंजिन लावून रेटावं लागे. अरुंद रुळाला तीव्र वळणं झेपतात, म्हणूनच डोंगर फार न फोडता ही लाईन कड्याच्या कुशीतून जाते. पाताळपाणीचा धबधबा मागं पडला, बोगद्यात अंधार झाला, पोरं ओरडली. त्या खडखडाटात मला थेट बोल्ड्याची रात्र ऐकू आली. कालाकुंडला पानावरचा कलाकंद खाल्ला. दशम्यांवर ठेचा होताच.

परतताना दोस्तानं धूळघाटचा विषय काढला. मेळघाटात आपल्याच लाईनीवर, रुळांनी स्वतःवरूनच वळसा घेत डोंगर चढायची ती जागा. गाड्या २०१७ मध्ये बंद झाल्या. वाघांच्या जंगलातून मोठी लाईन नको, हे मला मान्य आहे. पण तो वळसा वारसा म्हणून जपायला हवा.

हिंगोली, वाशीम, बसमतच्या वाचकांना एक विनंती आहे. घरात मीटरगेजच्या काळातलं पुठ्ठ्याचं तिकीट, कंदील, हातोडा किंवा स्टेशनवरचा फोटो असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात घालू नका.